परग्रहावरचे गाव आणि परळीचे ऊन

परळी वैजनाथच्या शिवारातून ज्वारीच्या धाटांवरून पलीकडे पाहिले, की थर्मलची धुराडी आणि शीतक मनोरे दिसतात. त्यांच्या उंचीचा अंदाज नुसते पाहून येत नाही. शेजारचे लिंबाचे झाड मधे धरावे लागते. इथला पहिला संच 1971 साली सुरू झाला, त्यामुळे परळीकरांना हे क्षितिज अंगवळणी पडले आहे. बाहेरून येणाऱ्याला मात्र क्षणभर वाटते, हे गाव पृथ्वीवरचे नव्हे.

सायमन स्टॉलेनहाग या स्वीडिश चित्रकाराची (जन्म 1984) चित्रे आम्ही प्रथम पाहिली, तेव्हा परळीची आठवण झाली ती यामुळेच. स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारेन सरोवरात काही बेटे आहेत. तिथल्या शेतांखाली एक प्रचंड कणत्वरक बांधला गेला होता, अशी कल्पना करून त्याने 1980 च्या दशकातले खेडे रंगवले. ‘टेल्स फ्रॉम द लूप’ या नावाने ओळखले जाणारे हे पुस्तक 2014 साली स्वीडिशमध्ये आले. 2020 मध्ये त्यावर दूरचित्रवाणी मालिकाही निघाली. बर्फाळ शेत, लाल रंगाची लाकडी घरे, विजेचे खांब, आणि या सगळ्यामागे गंजलेले यंत्र किंवा आभाळात घुसलेले शीतक मनोरे. चित्रे संगणकावरच काढलेली, पण दिसतात जलरंगासारखी. लार्स जॉन्सन या पक्षिचित्रकाराचा प्रभाव स्टॉलेनहाग स्वतः मान्य करतो. आमच्या मते त्याच्या यशाचे मर्म तिथेच आहे. पक्ष्यांची चित्रे काढणाऱ्याला ऊन कुठून येते हे विसरून चालत नाही.

त्याच्या चित्रांतले यंत्र अशक्य असते, पण त्यावरचा प्रकाश अगदी साधा असतो. यंत्राला स्वतःचे वेगळे ऊन मिळत नाही. शेजारच्या मोटारीवर ज्या बाजूने प्रकाश पडला, त्याच बाजूने यंत्रावरही पडतो. दूरचा मनोरा जवळच्या खांबापेक्षा फिकट असतो, कारण मधल्या हवेने विकिरण केलेला प्रकाश त्याच्या काळोख्या भागावर येऊन मिसळतो. रचनेतही हीच शिस्त दिसते. मोटार किंवा कुंपण पुढे ठेवायचे, म्हणजे मागच्याचा आकार आपोआप कळतो. तक्रार करायची तर एवढीच, की पाठमोरे मूल आणि धुके या दोन गोष्टी त्याने फार वापरल्या आहेत. धुके घातले की मधली जमीन रंगवण्याचे कष्ट वाचतात, हे त्यालाही ठाऊक असावे.

आता मुद्द्याकडे येऊ. अलीकडे मोबाईलवर चार शब्द सांगितले की चित्र तयार होते. ‘परग्रहावरचे गाव’ किंवा ‘स्वप्नातले खेडे’ अशी चित्रे विद्यार्थी हौसेने शिक्षकांना दाखवतात. आम्हीही अशी बरीच पाहिली. घरे कौलारू, बैलगाडी आपली, बाईचे लुगडे नऊवारी. प्रकाश मात्र जवळजवळ सगळ्या चित्रांत तोच, सोनेरी, तिरपा, धुक्यातून झिरपणारा. तो आपल्याकडचा नाही, आणि कुठला आहे ते आकड्यांनी दाखवता येते.

परळीचा अक्षांश सुमारे 18.9 उत्तर. डिसेंबरच्या 21 तारखेला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही, मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून 47 ते 48 अंशांवर असतो. स्टॉकहोमला त्याच वेळी तो जेमतेम 7 अंश वर येतो. एक मीटरच्या काठीची सावली परळीत सुमारे 90 सेंटिमीटर, तिकडे आठ मीटरच्या आसपास. तिथला हिवाळ्यातला दिवस सहा तासांचा, आणि तो सगळाच आपल्या संध्याकाळसारखा. उलट तिथल्या भर उन्हाळ्यातला मध्यान्हीचा सूर्य 54 अंशांवर असतो. म्हणजे त्यांचा जून आपल्या डिसेंबरहून थोडाच उजवा. शिवाय आपल्याकडे सूर्य सरळ खाली उतरतो. विषुवदिनी 6 अंशांवरून क्षितिजाला टेकायला त्याला परळीत पंचवीसेक मिनिटे लागतात, स्टॉकहोमला पाऊण तासाहून जास्त. सोनेरी प्रकाश आपल्याकडेही असतो, पण गुरे घरी येईपर्यंत तो संपलेला असतो.

जमिनीकडून परतणाऱ्या प्रकाशाचे काय? बर्फ बहुतेक ऊन परत फेकतो, म्हणून स्वीडनच्या चित्रात माणसाच्या हनुवटीखालीही उजेड असतो आणि सावल्या निळसर दिसतात. परळीची काळी माती ऊन गिळते. पेरणीआधीच्या रानात उभ्या माणसाचा चेहरा खालून उजळत नाही. कापूस फुटला किंवा ज्वारी पिवळी पडली, की थोडा उजळतो. या चित्रांत काळ्या रानात उभ्या बाईचा चेहरा बर्फातल्यासारखा उजळलेला असतो. आमचा आक्षेप सोनेरी रंगाला नाही. ज्या जमिनीवर तो पडला, तिच्याशी त्याचा काही संबंध नाही, हे खटकते.

काही चुका तर दुसऱ्या ग्रहावरही माफ होणार नाहीत. एका चित्रात डावीकडे मावळता सूर्य आणि उजवीकडे पूर्ण चंद्र होता. साधारण चित्राच्या चौकटीत 50 ते 60 अंशांचे आभाळ मावते, आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, 180 अंशांवर असतो. सूर्य चौकटीत असेल तर चंद्राची कोरच दिसायला हवी, आणि कोरीची फुगीर बाजू सूर्याकडे. परग्रहाला दोन चंद्र द्या, तीन द्या. नियम बदलत नाही. आकाराचे तसे नाही. आपला चंद्र अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या अशा चित्रात अडीच मिलिमीटर. तो थाळीएवढा काढणे ही कल्पना म्हणून चालेल. त्याची कला चुकवणे ही कल्पना नव्हे, दुर्लक्ष आहे. आठवीच्या वर्गात अशी चार चित्रे भिंतीवर लावून ‘सूर्य कुठे आहे ते बोटाने दाखवा’ एवढेच विचारून पाहावे. एकाच चित्रात तीन बोटे तीन दिशांना जातात.

प्रकाशासाठी हट्ट धरणारे आपल्याकडे नाहीत असे नाही. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (2018) या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण कित्येक पावसाळ्यांत विभागून झाले, कारण त्यांना ढगाळ आभाळाचा, सावली नसलेला उजेड हवा होता. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातले ते ओले, राखाडी गाव भुताटकीचे असूनही महाराष्ट्रातलेच वाटते.

परळीचेही स्वतःचे आभाळ आहे. विजेसाठी कोळसा जाळल्यावर जी राख उरते, तिचे बहुतेक कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असतात. हवेचे रेणू निळा रंग जास्त विखुरतात. राखेचे कण सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून राख उडते तेव्हा दूरचे डोंगर निळे न दिसता पांढुरके दिसतात. त्या पांढुरकेपणाची किंमत गावकऱ्यांची छाती मोजते, हे चित्रकाराने विसरू नये. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत इथला मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. 21 जूनला एक मीटरच्या काठीची सावली जेमतेम आठ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे. अशा उन्हात प्रचंड मनोरा जवळजवळ सावलीविना उभा राहतो. याहून विलक्षण प्रकाशयोजना मागायला परग्रहावर कशाला जायचे? असे चित्र मात्र आम्हाला अजून कोणी दाखवलेले नाही.

2013 च्या दुष्काळात पाणी नसल्यामुळे थर्मल बंद ठेवावे लागले, 2015 मध्येही. मनोऱ्यांवर वाफ नाही, धुराड्यांतून धूर नाही, शिवारात पीक नाही, आणि वर लख्ख पांढरे ऊन. ज्या मुलांनी ते लहानपणी पाहिले, ती आता वीस-पंचविशीची आहेत. त्यांच्यापैकी कोणाला ते रंगवावेसे वाटले, तर धुके घालू नये. त्या दिवसांत धुके नव्हतेच.