'मिरची' शोधली, 'मोरचा' सापडला

जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. तेव्हा उदाहरणाला मिरचीच घेऊ. १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडा. काही नोंदी एका ओळीच्या, काही पुष्कळ लांब. तरी शब्द चटकन सापडतो, कारण वर्णक्रम. दर वेळी उरलेला भाग निम्मा करत गेलो, तर लाख शब्दांतूनही फार तर १७ पायऱ्या पुरतात.

असा कोश पायथॉनमध्ये ठेवताना प्रत्येक नोंदीला सारखाच कप्पा देणे म्हणजे एकेका मिरचीला एकेक पोते. त्यापेक्षा सगळा मजकूर एका फाइलीत सलग ठेवावा आणि शब्दापुढे दोनच आकडे लिहावेत: नोंद कितव्या बाइटपासून सुरू होते आणि किती बाइट लांब आहे. (यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, 'मिरची' १५. अक्षरे मोजून कापाल तर फसाल!) हे आकडे 'डिक्ट'मध्ये ठेवले की शब्द देताच नोंद हाती येते. इथवर आमची तक्रार नाही.

पण ज्या ज्या नोंदींच्या अर्थात मिरची आली आहे, त्या सगळ्या हव्या असतील तर? मग शब्दावरून नोंदींचे क्रमांक देणारी उलटी सूची लागते. एसक्यूलाइटमधील 'एफटीएस-५' ती आपोआप करते. दोष इथे आहे. तिची मूळ मांडणी फक्त अक्षरे व अंक शब्दात धरते, बाकी सारे शब्द तोडणारे मानते. काना, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या वर्गवारीत अक्षरे नव्हेत, जोडचिन्हे. म्हणून 'मिरची'चे म, रच असे तुकडे होतात. 'मोरचा'चेही तेच! आमच्या मते मराठीसाठी ही मूळ मांडणी निरुपयोगी आहे. उपाय मात्र सोपा: सूची करतानाच 'कॅटेगरीज' या पर्यायात मूळच्या वर्गांबरोबर 'एमएन' आणि 'एमसी' हे वर्ग लिहावेत.

एवढे करूनही 'मिरच्या' सुटतातच. त्यासाठी 'मिरच' लिहून पुढे तारांकन द्यावे लागते.

वर्णक्रमाचीही गंमत आहे. पायथॉन संकेतांकाप्रमाणे लावतो, त्यामुळे 'ळ' हा 'व'च्या आधी येतो आणि 'काळ' 'कावळा'च्या पुढे जाऊन बसतो. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतर. विद्यार्थ्यांकडून दहा शब्द आधी हाताने लावून घ्या, मग यंत्राकडून.