चालीवरचा दावा

विनोदकार कुणाल कामराच्या 'नया भारत' या कार्यक्रमाबद्दल महाराष्ट्रात जेवढे बोलले गेले, त्यात त्यातल्या विडंबनगीताबद्दल जवळपास काहीच नव्हते. मार्च २०२५ मध्ये खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली, दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक त्या जागी पोचले, गुन्हे दाखल झाले, विधिमंडळात हक्कभंगाची सूचना आली. वाहिन्यांवर प्रश्न एकच: हा विनोद की अपमान? विडंबन म्हणून ते गाणे कसे उतरले आहे, चाल कशी वापरली आहे, कुठे जमले आणि कुठे फसले, हे ज्यांनी सांगायचे ते समीक्षक गप्प राहिले. त्याच गदारोळात टी-सीरिजने कार्यक्रमाच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा लावला, ती बातमी तर आली तशी विरून गेली. मला या दोन्ही गोष्टींचा राग आहे. विडंबनाला आपण कला मानत नाही, म्हणूनच त्याचा गळा आवळला गेला तरी आपल्याला काही वाटत नाही.

आधी गाण्याकडे बघू. 'दिल तो पागल है' (१९९७) मधले मूळ गाणे आनंद बक्षींचे, चाल उत्तम सिंग यांची. नायक एका लाजऱ्या मुलीच्या रूपाची एकेक खूण सांगतो, मधेच कौतुकाने उसासा टाकतो. ती क्षणभर दिसते आणि पदराआड लपते. कामराने हा सांगाडा जसाच्या तसा ठेवला. रूपाच्या खुणांच्या जागी ठाण्याची रिक्षा, दाढी आणि चष्मा आले. उसासा तोच राहिला, त्यातले कौतुक उलटे झाले. आणि जिथे ती मुलगी पदराआड जाते, नेमकी तिथे २०२२च्या बंडखोर आमदारांची गुवाहाटी येऊन बसली. एकनाथ शिंदेंचे नाव एकदाही घेतलेले नाही. मूळ गाणे ज्याला पाठ आहे त्याचे मन पदराची वाट बघत असते आणि कानावर गुवाहाटी पडते. सगळा हशा त्या क्षणात आहे. वाद पेटला तो 'गद्दार' या शब्दावरून. पण तो शब्द महाराष्ट्र तीन वर्षे सभासभांतून ऐकत होता. नवे होते ते लपण्याचे चित्र, आणि ते चालीने दिले होते.

त्याच कार्यक्रमातले दुसरे विडंबन 'मिस्टर इंडिया'मधल्या (१९८७) 'हवा हवाई'चे. खोदलेले रस्ते, मेट्रो, पडणारे पूल, पगारावरचा कर, पॉपकॉर्न. तक्रारी खऱ्या आहेत, पण गाणे यादीच्या पुढे जात नाही. चाल तिथे काही बोलत नाही. ती काढून दुसरी घातली असती तरी फरक पडला नसता. मोडतोड झाली ती चांगल्या विडंबनावरून आणि दावा लागला तो सामान्य विडंबनावरून, हे ध्यानात ठेवायला हवे. लेबलला गाण्याच्या दर्जाशी आणि आशयाशी कर्तव्य नसते. त्याला फक्त स्वरावली ओळखू येते.

बाकीच्या आघाडीवर काय चालले आहे? दूरचित्रवाणीवरच्या हास्य कार्यक्रमांनी सत्तेवरचे गाणे कधीच सोडून दिले. त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखे काही नाही. नेत्यांचे आवाज यंत्राने उतरवून त्यांच्या तोंडी जुनी गाणी घालणाऱ्या रील्समध्ये शब्दही तेच आणि चालही तीच असते. फक्त गळा बदलतो, म्हणून त्यांना विडंबन म्हणता येत नाही. निवडणुकीतली प्रचारगीते म्हणजे उसन्या चालीवरची आरती. हे तिन्ही प्रकार बाजूला ठेवले तर जे उरते ते थोडे आहे, पण जिवंत आहे.

२०१७च्या पावसाळ्यात आरजे मलिष्काने 'सोनू' गाण्यावर मुंबईच्या खड्ड्यांचे गाणे केले. मूळ गाणे प्रेमातल्या भरवशाबद्दल विचारते; तिने तोच प्रश्न मुंबईकराला पालिकेबद्दल विचारला. सवाल-जवाबाचा घाट तोच, फक्त प्रेमिकांच्या जागी शहर आणि त्याचा कारभारी. मूळ 'सोनू' तोंडोतोंडी पसरलेले. इथे पालिका स्वतःच पुढे झाली आणि मलिष्काच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली. 'ऐसी तैसी डेमोक्रसी'ने 'पडोसन'मधल्या खिडकीच्या गाण्यात खिडकीच्या जागी सरहद्द ठेवली आणि शेजाऱ्याकडे चोरून बघण्याच्या त्या गोडव्यात भारत-पाकिस्तान दोघांनाही बसवले. 'बंबई में का बा' (२०२०) हे परप्रांतात राबणाऱ्या मजुराचे गाऱ्हाणे होते. नेहासिंह राठोडने २०२२ मध्ये तोच प्रश्न मजुराच्या मूळ गावाकडे, उत्तर प्रदेशाकडे वळवला. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागावरून तिच्या हातात पोलिसांची नोटीस पडली. या तिन्हींत एक धागा आहे. मूळ गाण्याने श्रोत्याच्या मनात जी भावना आधीच रुजवली आहे, तिच्याच जोरावर ही गाणी सत्तेला प्रश्न विचारतात. चाल काढून घेतली तर प्रश्नच राहत नाही.

आपल्याकडे विडंबनाची दोन घराणी आहेत. एक अत्र्यांचे. 'झेंडूची फुले' (१९२५) मध्ये त्यांनी केशवकुमार या नावाने कवींचीच खोड मोडली. त्यांचे लक्ष्य मूळ कविता आणि तिची लकब होती. या घराण्याचे कौतुक पुष्कळ झाले, अभ्यासक्रमातही त्याला जागा मिळाली. दुसरे घराणे जलशांचे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा आशय भरला. आंबेडकरी जलशांनी तेच पुढे नेले आणि सिनेमा आल्यावर सिनेमाच्या चाली घेतल्या. वामनदादा कर्डकांच्या लेखणीची सुरुवातच १९४३ साली एका हिंदी चित्रपटगीताच्या विडंबनाने झाली. इथे मूळ गाण्याची थट्टा करायची नसते. ते लोकांच्या ओठांवर असते म्हणून त्याच्या पाठीवर बसून नवी गोष्ट वस्तीपर्यंत पोचवायची असते. नाटकांच्या आणि जलशांच्या पुस्तिका उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल :' असे छापून पुढे मूळ गाण्याचा उल्लेख केलेला असतो. घेतले ते उघड घेतले आणि कुणाचे घेतले तेही सांगितले. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) आणि 'सौभद्र'पासून (१८८२) मराठी रंगभूमी लावणीच्या, कीर्तनाच्या, कानडी पदांच्या आणि बायकांच्या गाण्यांच्या चालींवर उभी राहिली. ही आपल्या संगीताची रीत आहे.

कामरा, मलिष्का, नेहासिंह या दुसऱ्या घराण्याचे वारस आहेत, आणि कॉपीराइटचा कायदा नेमका याच घराण्याकडे पाठ फिरवून उभा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये टू लाइव्ह क्रू या रॅप गटाने रॉय ऑर्बिसनच्या गाण्याचे विडंबन केले त्या खटल्यात विडंबनाला संरक्षण दिले, पण एक रेघ ओढली: मूळ कृतीवर भाष्य करणाराला सवलत, मूळ कृती वापरून तिसऱ्यावर कोरडे ओढणाराला मात्र उसनवारीचे समर्थन वेगळे द्यावे लागेल. म्हणजे अत्रे आत, वामनदादा दारात. २००४ मध्ये जिबजॅबने बुश आणि केरी यांच्यावर वूडी गथ्रीच्या सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्यावरून अॅनिमेशन केले, तेव्हा हक्कधारक लडलो म्युझिकचे म्हणणे हेच होते की यात गथ्रीवर भाष्य कुठे आहे? निवाड्याची वेळच आली नाही. १९४५ मध्येच ते गाणे छापले गेले होते आणि १९७३ मध्ये हक्काचे नूतनीकरण झाले नव्हते, असे पुढे आले आणि प्रकरण तडजोडीवर मिटले. स्वतः गथ्रीने ती चाल कार्टर फॅमिलीच्या जुन्या गाण्यावरून घेतली होती. एका उसन्या चालीवर पहारा बसवला गेला आणि दुसऱ्या उसनवारीला चोरी म्हटले गेले.

आपला १९५७चा कायदा याहून उदार होऊ शकला असता. कलम ५२ 'त्या किंवा अन्य कोणत्याही कृतीच्या' टीका-समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा देते. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाला वाट करून दिली. तोप्पिल भासींच्या गाजलेल्या कम्युनिस्ट नाटकातली पात्रे आणि प्रसंग घेऊन त्यांनी त्या नाटकाला आणि त्या चळवळीलाही जाब विचारला होता. तो निकाल आपल्याकडच्या प्रत्येक विडंबनकाराने वाचावा असा आहे. पण त्याच्या आडोशाला कामराचे गाणे पूर्ण मावत नाही, कारण लेबलचा वकील उभा राहून म्हणणार: मंत्री ही 'कृती' नव्हे. रीतसर परवानगीचा रस्ताही बंद आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर मूळ गाणे आल्यावर पाच वर्षांनी ते नव्या गळ्यात गाता येते, पण मूळ कृतीत बदल न करण्याच्या अटीवर. विडंबन तर बदलातच असते.

इथे मला सर्वेक्षण बाजूला ठेवून वाद घालायचा आहे. कामरावर गुन्हे दाखल झाले तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम अटकपूर्व जामीन दिला, पुढे मुंबई उच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिले. जमाव आणि पोलीस यांच्याविरुद्ध दाद मागायला न्यायालय होते. दाव्याविरुद्ध काय होते? कामराने सांगितले की मूळ शब्द नाहीत, मूळ वाद्यसंगीत नाही, हे विडंबन आहे. ऐकायला समोर कुणी न्यायाधीश नव्हता. व्हिडिओची पोच आणि कमाई अडवली जाते, कलाकार हरकत घेतो, आणि दावेदाराला उत्तर द्यायला यूट्यूब ३० दिवस देते. आपल्या कायद्यातही हीच गत आहे: हक्कधारकाची तक्रार आली की मध्यस्थाने ३६ तासांत मजकूर हटवायचा आणि २१ दिवस न्यायालयाच्या आदेशाची वाट बघायची. आता जून २०२२ आठवा. आमदार सुरतेला गेले त्या दिवसापासून नव्या मुख्यमंत्र्यांच्या शपथविधीपर्यंत दहा दिवस लागले. दहा दिवसांत जिथे सरकार बदलते, तिथे २१ दिवस गाणे अडवणे म्हणजे ते कायमचे अडवणे. राजकीय विनोद पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवता येत नाही.

हॅबिटॅट फोडल्याने ते गाणे घरोघरी पोचले. दाव्याने अडलेले गाणे कुठेच पोचत नाही आणि त्याची बातमीही होत नाही. सत्तेला यापेक्षा सोयीची सेन्सॉरशिप मिळणार नाही, कारण तिला स्वतः काहीच करावे लागत नाही. याचा परिणाम कलेवर दिसू लागला आहे. तरुण विडंबनकार ओळखीची चाल टाळतात, फुकट मिळणाऱ्या ठेक्यावर शब्द बोलून मोकळे होतात. ते रॅप असेल, भाषण असेल, विडंबन नसते. श्रोत्याच्या मनात आधीचे गाणे नसेल तर उलटायचे काय?

संगीतकाराच्या घामाचे काय, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनाचा हक्क मिळवून दिला, त्यासाठी जावेद अख्तर झटले, ते योग्यच झाले. भारत जोडो यात्रेच्या प्रचारात 'केजीएफ २'चे संगीत वापरल्याबद्दल काँग्रेसवर खटला झाला, त्यात मला काही वावगे वाटत नाही. स्वतःची आरती ओवाळायला दुसऱ्याचे गाणे घेणाऱ्या पक्षाने पैसे मोजावेत. पण सत्तेला जाब विचारणाऱ्या गाण्याला हाच नियम लावणे अन्याय आहे. गुवाहाटीच्या गाण्यामुळे मूळ प्रेमगीताचा एकही श्रोता कमी होत नाही. आणि दावा कोण लावते तेही बघा. १९८०च्या दशकात टी-सीरिज वाढली त्यात मोठा वाटा जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेटचा होता, आणि त्या वेळी तिने याच कायद्यातल्या सवलतीचा आधार घेतला होता. दुसऱ्याच्या चालीवर उभ्या राहिलेल्या कंपनीने चालीवर असा पहारा बसवावा, हे मान्य करता येत नाही.

उपाय अवघड नाही. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये आणि कॅनडाने २०१२ मध्ये विडंबन आणि उपहास हे दोन्ही शब्द आपल्या कायद्यात घातले; ब्रिटनने २०१४ मध्ये विडंबनाला जागा दिली. आपण २०१२ मध्येच कायदा दुरुस्त केला आणि हे राहून गेले. कलम ५२ मध्ये 'विडंबन आणि उपहास' हे शब्द आले पाहिजेत, आणि राजकीय टीकेवर कॉपीराइटचा दावा आला तर न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते गाणे हटवता येणार नाही, अशी तरतूद झाली पाहिजे. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या ४८ खासदारांपैकी एकाने तरी खासगी विधेयक मांडावे. त्यांतल्या बहुतेकांच्या प्रचाराच्या गाड्या चित्रपटांच्या चाली वाजवतच फिरतात. साहित्य परिषदा आणि नाट्य परिषद यांनी हा ठराव आपल्या व्यासपीठावर घ्यावा. आणि विडंबनकारांनो, ओळखीची चाल सोडू नका. तिच्यावर तुमचा हक्क जलशांनी सिद्ध केलेला आहे.