सोशिकता आणि उभारी : संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाची एक बाजू

छळ भोगलेल्या स्त्रीचा गौरव करावयाचा झाल्यास मराठीत ‘सोशिक’ हे विशेषण फार सहजपणे योजिले जाते. परंतु सोसणे आणि सावरणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत दुःख तसेच राहते. दुसरीत मोडलेले मन पुन्हा उभारी धरते. संत बहिणाबाईंच्या (१६२८–१७००) आत्मनिवेदनपर अभंगांचे विवेचन करिताना हा भेद अनेकदा नजरेआड झाला आहे. सोशिक पतिव्रता हीच त्यांची प्रतिमा पुढे ठेवण्यात आली, आणि निवेदनातील दुसरी क्रिया दुर्लक्षित राहिली.

वेरूळजवळील देवगाव येथे जन्मलेल्या बहिणाबाईंचा विवाह बालवयातच तीस वर्षांच्या बिजवराशी झाला. आईवडील व पती यांच्यासह भटकत त्या कोल्हापुरास पोहोचल्या. तेथे त्यांना एका वासराचा लळा लागला. जयरामस्वामींच्या कीर्तनातून त्या वासरास बाहेर काढले असता त्या रडल्या. स्वामींनी वासरास आत आणवून दोघांच्याही मस्तकावर हात ठेविला. ही वार्ता पतीच्या कानी गेली. त्याने अवघ्या अकरा वर्षांच्या सुमाराच्या या मुलीस केस धरून मारिले व बांधून ठेविले. आईवडील त्याच बिऱ्हाडी होते, पण त्यांच्याने हे थांबविले गेले नाही. पुढे ते वासरूही मेले.

या निवेदनाचा भाषिक विशेष असा की, त्यात कर्ता लपत नाही. मराठीत घरातील छळाला जे रूढ शब्द आहेत, त्यांतील कित्येक कर्त्याला बाजूस सारतात. ‘सासुरवास’ या शब्दात छळ हा जणू राहण्याच्या जागेचाच गुण ठरतो. ‘भोग’ म्हटले की दोष पूर्वकर्माकडे जातो. बहिणाबाईंच्या विचारविश्वात पूर्वजन्म व संचित यांना मोठे स्थान आहे, हे खरे. तथापि प्रत्यक्ष प्रसंग सांगताना मारणारा कोण आणि कोणत्या निमित्ताने त्याने मारिले, हे त्या स्पष्टपणे सांगतात. चरित्रकार जेथे ‘पतीचा विरोध’ एवढ्या मोघम शब्दांवर थांबतात, तेथे मूळ निवेदन थांबत नाही. कृत्याला नाव देण्याचे महत्त्व कायद्यानेही मान्य केले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत.

ज्यूडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ विदुषीने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडिले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि पुन्हा जोडले जाणे. या टप्प्यांचा क्रम नेहमीच काटेकोर असतो असे त्यांचेही म्हणणे नाही. तरी सुरक्षिततेवाचून पुढचे काही साधत नाही, यावर त्यांचा भर आहे. बहिणाबाईंना सुरक्षितता लाभलीच नव्हती. त्यांच्या बाबतीत आधी घडले ते जोडले जाणे : प्रथम वासराशी, मग जयरामस्वामींच्या कीर्तनाशी, आणि अखेर स्वप्नात लाभलेल्या तुकारामांच्या गुरूपदेशाशी. पतीचे घर न सुटताही पतीच्या सत्तेबाहेरचे एक नाते त्यांना मिळाले. स्मरण पुढे अभंगांतून झाले, आणि अंतकाळी आपल्या पूर्वजन्मांचे वृत्त ऐकविण्यास त्यांच्याजवळ त्यांचा पुत्र होता. सांगणाऱ्यास ऐकणारा लागतो, ही गोष्ट या चरित्रात आरंभापासून अंतापर्यंत दिसते.

यापुढचा प्रसंग समीक्षकाची कसोटी पाहणारा आहे. पत्नीची वाढती ख्याती सहन न होऊन पती तिला गर्भारपणीच सोडून जावयास निघाला, आणि तोच आजारी पडला. बहिणाबाईंनी त्याची शुश्रूषा केली. त्याला पश्चात्ताप झाला. पुढे सर्व मंडळी देहूस गेली. छळ सोसणारी आणि शुश्रूषा करणारी व्यक्ती येथे एकच आहे. या सेवेनेच पती सुधारला, असा बोध यातून काढणे सोपे आहे, पण तो घातक आहे. आज छळ सोसणाऱ्या स्त्रीस याच बोधाच्या आधारे घरी परत धाडले जाते. मुळात बदल झाला तो पतीच्या मनात, त्याच्या स्वतःच्या असहायतेतून. पत्नीच्या सोसण्याचे ते वेतन नव्हे. सेवा केल्याने आधीची मारहाण निवेदनातून पुसली गेली नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

याउलट बहिणाबाईंना आधुनिक बंडखोर ठरविणेही युक्त नव्हे. पतिव्रताधर्माचे प्रतिपादन करणारे अभंगही त्यांचेच आहेत. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ मध्ये या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला, आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२ मधील आपल्या निबंधाच्या शीर्षकातच बहिणाबाईंची ‘पत्नी’ व ‘संत’ ही दोन्ही रूपे एकत्र ठेविली. हा ताण मोडून एकच बाजू उचलणारी समीक्षा अपुरी ठरते.

बहिणाबाईंची उभारी पती सोडण्यात नाही, तशी ती निमूट सोसण्यातही नाही. जे घडले ते कर्त्यासह सांगणे, आणि ऐकून घेणारी माणसे जोडीत जाणे, यांत ती आहे. त्यांच्या आईवडिलांना मार थांबविता आला नाही, म्हणून जवळच्या माणसांचे कर्तव्य तेथे संपत नाही. सांगितलेले ऐकून घेणे हे त्यानंतरही उरतेच. समीक्षकाचे पहिले कर्तव्यही याहून फारसे निराळे नाही.