प्रकरण-अहवालातील एक रूढ कथा

जनसंपर्काच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांकडून जे प्रकरण-अहवाल लिहून घेतले जातात, त्यांत टायलेनॉल प्रकरणाचे स्थान जवळजवळ ठरलेले आहे. १९८२ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेतील शिकागो परिसरात या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतल्याने सात जण मृत्यू पावले. कॅप्सूलांत सायनाइड मिसळलेले होते. ते मिसळणारा आजतागायत सापडलेला नाही. पुढील कथा अहवालांतून साधारणतः अशी येते : जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातील माल तत्काळ परत घेतला, सत्य सांगितले, म्हणून तिची पत टिकली. या कथेत तथ्य पुष्कळ आहे. परंतु अहवाल म्हणून ती सदोष आहे.

पहिला दोष कालक्रमाचा. ३० सप्टेंबर रोजी कंपनीने परत मागविला तो एकाच उत्पादन-संचाचा माल होता. देशव्यापी माघारीचा निर्णय ५ ऑक्टोबरचा. तत्पूर्वी कॅलिफोर्नियातही स्ट्रिक्नीन मिसळलेल्या कॅप्सूलांचे प्रकरण पुढे आले होते. सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेण्याचा हा निर्णय लहान नव्हे. परंतु ‘तत्काळ’ या एका शब्दाने मधले दिवस पुसले जातात, आणि निर्णय ज्या दिवसांत घडला त्यांचाच अभ्यास राहून जातो.

दुसरा दोष सत्यकथनासंबंधी. कारखान्यात सायनाइड नसते, असे कंपनीच्या वतीने वृत्तपत्रांना प्रथम सांगण्यात आले. चाचणीच्या कामासाठी ते अल्प प्रमाणात तेथे असते, हे कळल्यावर विधान दुरुस्त करावे लागले. जनसंपर्काच्या विद्यार्थ्यास या दुरुस्तीपासून जितके शिकता येईल, तितके निष्कलंक यशोगाथेपासून खचित नाही.

तिसरा दोष शेवटाचा. नोव्हेंबर १९८२ मध्ये तिहेरी मोहोरबंद वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आले, येथे बहुतेक अहवाल थांबतात. १९८६ साली न्यूयॉर्क राज्यात याच औषधाच्या विषमिश्रित कॅप्सूलने आणखी एक स्त्री दगावली व त्यानंतर कंपनीने कॅप्सूल विकणेच सोडले. ही घटना जमेस धरल्यास वेष्टनाचा उपाय कितपत पुरेसा होता, हा प्रश्न टाळता येत नाही.

या तिन्ही दोषांचे मूळ एकच : अहवाल लिहिणारास शेवट आधीच ठाऊक असतो, आणि त्या शेवटावरून तो प्रत्येक कृतीला गुण देतो. शिवाय त्याची साधने बहुधा कंपनीच्या निवेदनांतूनच उतरलेली असतात. म्हणून अहवालात प्रत्येक टप्प्यावर त्या दिवशी काय ठाऊक होते, कोणते पर्याय मोकळे होते आणि ही माहिती कोणाची, हे प्रथम नोंदवावे. फलिताची चर्चा स्वतंत्रपणे व शेवटी करावी. हाच विद्यार्थी उद्या एखाद्या संस्थेचा जनसंपर्क अधिकारी होईल. त्याच्यासमोर दुर्घटना येईल तेव्हा तिचा शेवट त्यास ठाऊक नसेल. आणि त्याने उच्चारलेल्या पहिल्याच वाक्यावर कोणाचे तरी प्राण अवलंबून असतील.