तपकिरीच्या कुपीवरील युरोपीय स्त्री : 'प्रभाव' या संज्ञेची चिकित्सा

चीनच्या छिंग राजवटीतील मीनाकामाच्या तपकीर-कुप्यांवर युरोपीय स्त्रिया व मुले यांची चित्रे वारंवार आढळतात. 'पाश्चात्त्य प्रभाव' या दोन शब्दांत त्यांचा उलगडा झाला असे मानण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत दिसते. ही संज्ञा कितपत समर्पक आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. तपकीर युरोपातून चीनमध्ये आली. परंतु तिच्यासोबत आलेली युरोपीय डबी तेथे रुळली नाही. घट्ट बुचाच्या लहानशा कुपीत भुकटी दमट हवेपासून सुरक्षित राही, आणि बुचालाच जोडलेल्या चिमुकल्या चमच्याने ती बाहेर काढता येई. म्हणजे परकी वस्तू स्वीकारतानाच तिचे पात्र कोणते असावे, हे चीनने आपल्या सोयीने ठरविले होते.

तांब्यावर मीन्याच्या रंगांनी चित्र काढण्याचे तंत्र मात्र निःसंशय युरोपीय होय. सम्राट खांग्शी (राज्यकाल १६६१–१७२२) याला त्याची विलक्षण ओढ होती. त्याच्या आज्ञेवरून मात्तेओ रिपा आणि ज्युझेप्पे कास्तील्योने या दोन इटालियन मिशनऱ्यांना पेकिंगच्या राजवाड्यात मीनाकाम करावे लागले. कारागिरांच्या दालनात दिवसभर अडकून पडणे त्यांना नकोसे होते. म्हणून सुटका व्हावी या हेतूने आपण मुद्दाम वाईट काम केले, असे रिपाने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. पुढे १७१९ मध्ये ग्रावरो हा फ्रेंच मीनाकार पेकिंगला आला. योंगझेंगच्या कारकीर्दीत, १७२८ च्या सुमारास, राजवाड्यातील कारखाने मीन्याचे अनेक रंग स्वतःच तयार करू लागले. देणारा नाखूष आणि घेणारा उत्सुक, असा हा व्यवहार होता. 'प्रभाव' या शब्दात घेणारा निष्क्रिय असल्याची जी सूचना आहे, ती येथे मुळीच लागू पडत नाही.

आता चित्रविषयाकडे वळू. छ्यानलुंगच्या काळातील (१७३५–१७९६) अनेक कुप्यांवर चौकटीत युरोपीय स्त्री व बालक दिसतात. मागे दूरवर परदेशी घाटाच्या इमारती आणि चौकटीभोवती फुलांची वेलबुट्टी असते. ही रचना मेरी व बाल येशू यांची आठवण करून देते. परंतु योंगझेंगने १७२४ मध्येच ख्रिस्ती धर्मप्रचारास बंदी घातली होती, आणि कुपीवरील या मातेभोवती प्रभावळ नसते. मूळ आकृतिबंध धार्मिक असला, तरी दरबारी कलावंताने त्यातील धर्म वगळून केवळ मोहक परकेपण ठेवले, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

कलादृष्ट्या या चित्रांचे मूल्य सर्वत्र सारखे नाही. गाल व हात यांवर सूक्ष्म गुलाबी ठिपक्यांनी साधलेली छायाप्रकाशाची गोलाई हे त्यांचे खरे यश होय. जेमतेम दोन-अडीच इंच उंचीच्या वस्तूवर, भट्टीच्या आचेत रंग बिघडण्याचा धोका पत्करून, हे साधावयाचे असे. पात्र काचेचे असल्यास मीना वितळण्यापूर्वी पात्रच मऊ पडण्याची भीती अधिक. उलटपक्षी मुद्रा बहुधा ठरीव आहेत. तीच गोड स्त्री कुपीमागून कुपीवर भेटते. व्यक्ती म्हणून युरोपीय माणसाविषयी कलावंताला कुतूहल नव्हते, हे येथे उघड होते.

हा दोष केवळ चिनी नव्हे. १७२० नंतर मायसेनच्या कारखान्यात हेरोल्ड हा चित्रकार चिनी मातीच्या भांड्यांवर चिनी माणसे रंगवीत होता. तीही तितकीच ठरीव व कल्पित आहेत. त्यांना आपण युरोपची हौस म्हणतो, आणि पेकिंगच्या कुपीला मात्र प्रभावाचा पुरावा मानतो. दोन सारख्या घटनांना दोन मापे लावणे शास्त्रीय चिकित्सेस शोभत नाही.

आपल्या अभ्यासकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट धर्मोपदेशक अकबराच्या दरबारी गेले, आणि त्यानंतर मुघल चित्रांत युरोपीय आकृती मोठ्या संख्येने दिसू लागल्या. तेथेही काय आले याबरोबरच कोणी, कशासाठी आणि काय वगळून घेतले, हे विचारले पाहिजे. या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कलाकृतीपुरती शोधल्यावरच 'प्रभाव' ही संज्ञा वापरावी की नाही, याचा निर्णय करणे उचित होईल.