उग्रदेवता आणि ‘राक्षस’ ही संकल्पना : प्राचीन इजिप्त व मराठवाडा यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
प्राचीन इजिप्तच्या धर्माविषयीच्या इंग्रजी लेखनात ‘डेमन’ हा शब्द वारंवार येतो आणि वर्गात शिकविताना त्यासाठी ‘राक्षस’ हा पर्याय सहज योजला जातो. वस्तुतः ज्या ग्रीक ‘दाइमोन’ शब्दापासून तो आला, तो शुभ व अशुभ अशा दोन्ही शक्तींचा वाचक होता; त्याला केवळ दुष्टतेचा अर्थ ख्रिस्ती परंपरेने दिला. प्राचीन इजिप्तच्या भाषेत तर अशा सर्व शक्तींना सामावून घेणारी एकच संज्ञा नव्हती. दूत, संहारक, द्वाररक्षक अशी त्यांची नावे कार्यावरून पडली होती. उग्र देवी आणि राक्षस या दोन परस्परविरोधी जाती नसून एकाच शक्तीशी असलेल्या मानवी संबंधाच्या दोन अवस्था आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सेख्मेत आणि तिचे दूत :
सिंहमुखी सेख्मेतच्या नावाचाच अर्थ ‘सामर्थ्यवती’ असा आहे. नवराज्यकालीन राजांच्या दफनस्थानांत आढळणाऱ्या ‘दिव्य गायीच्या ग्रंथा’त सूर्यदेव रे बंडखोर मानवांच्या शासनासाठी आपला नेत्र असलेल्या देवीला पाठवितो. ती संहारात इतकी रमते की अखेर तांबडा रंग मिसळलेले मद्य जमिनीवर ओतून, ते रक्त आहे असे भासवून तिला शांत करावे लागते. रोगराई पसरविणारे दूत हे सेख्मेतचे आज्ञाधारक सेवक होते. मात्र तिच्याच पुरोहितांचा उल्लेख एबर्स पपायरसमध्ये वैद्यांच्या बरोबरीने येतो. रोग धाडणारी तीच आणि रोग निवारणारीही तीच.

याहून बोलके उदाहरण तावेरेत आणि अम्मित यांचे आहे. पाणघोडा, मगर आणि सिंह या तीन प्राण्यांच्या अवयवांतून दोघींची रूपे घडली आहेत. तावेरेत बाळंतिणीचे रक्षण करते. अम्मित मृताच्या न्यायनिवाड्यात दोषी ठरलेल्याचे हृदय गिळते. घडण तीच, फरक कार्याचा व स्थानाचा आहे.

मराठी प्रदेशातील साम्यस्थळे :
हा विचार आपल्याला परका नाही. पटकीची साथ मरीआईच्या कोपाने येते आणि तिचा गाडा शिवेपार नेल्यावर ती ओसरते, ही समजूत गावोगाव होती. महाभारताच्या सभापर्वातील जरा ही राक्षसी जरासंधाच्या देहाची दोन शकले सांधते आणि स्वतःला ‘गृहदेवी’ म्हणविते. भिंतीवर तिचे चित्र काढून पूजा करावी, असे तेथे सांगितले आहे. मुले भक्षण करणारी हारीती बुद्धाच्या उपदेशानंतर बालकांची रक्षणकर्ती झाली. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक 2 मध्ये पांचिकासह तिचे स्वतंत्र उपमंदिर आहे.

औशाहून फार दूर नसलेल्या तुळजापूरची भवानी ही अष्टभुजा महिषासुरमर्दिनी आहे. परंतु ज्या महिषाचा पुराणात वध होतो, तोच लोकधर्मात म्हसोबा होऊन शेंदूर व नैवेद्य स्वीकारतो. दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (1962) या ग्रंथात या विसंगतीकडे लक्ष वेधले. एके ठिकाणी देवी म्हसोबाला मारते, तर दुसऱ्या ठिकाणी ती त्याची पत्नी असते. मातृदेवता पूजणारे अन्नसंग्राहक आणि पुरुषदैवत पूजणारे पशुपालक यांच्या संघर्षाची व संमीलनाची ही खूण होय, अशी त्यांची मीमांसा आहे.

ही मीमांसा मौलिक असली तरी पुरेशी वाटत नाही. दोन समाजांच्या दोन दैवतांचा संबंध तिने उलगडतो; परंतु एकाच देवतेच्या ठायी कोप आणि कृपा एकत्र का नांदतात, हे उलगडत नाही. सेख्मेत व मरीआई यांच्याबाबतीत दोन दैवतांचे संमीलन गृहीत धरण्याची गरज नाही. जी शक्ती टाळता येत नाही तिच्याशी करार करावा, या अनुभवातून हे द्वैत निर्माण झालेले दिसते.

साम्याच्या मर्यादा :
या साम्यावरून इजिप्त व दख्खन यांच्यात धार्मिक देवाणघेवाण झाली, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. शिवाय प्रत्येक भयकारी शक्ती पूजेने प्रसन्न होते असेही नाही. रेच्या नौकेवर रोज हल्ला करणारा अपेप हा सर्प कधीच उपास्य झाला नाही. त्याच्यासाठी केवळ विनाशाचे विधी होते. म्हणजे इजिप्तलाही निखळ शत्रुत्वाची कल्पना होती, पण तिची व्याप्ती मर्यादित होती.

समारोप :
हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. ‘राक्षस’ किंवा ‘क्षुद्रदेवता’ हे शब्द आपण वापरतो तेव्हा पोतराजासारख्या उपासकांच्या समाजालाही नकळत खालचे स्थान देतो. पशुबळी किंवा आसुडाचे फटके यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. प्रथेची चिकित्सा जरूर व्हावी. परंतु सेख्मेतला ‘देवता’ आणि मरीआईला ‘क्षुद्रदेवता’ म्हणणारा अभ्यास शास्त्रीय म्हणता येणार नाही. म्हणून अध्यापनात ‘डेमन’ला सरसकट ‘राक्षस’ न म्हणता त्या त्या शक्तीचे कार्य सांगणारे नाव योजावे. म्हसोबाच्या दगडापुढे नारळ फोडणाऱ्या शेतकऱ्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही; तो अभ्यासकांनी शिकावयाचा आहे.