नित्याची इंग्रजी आणि वाक्प्रचारांच्या याद्या : एक परीक्षण

नित्याच्या बोलण्यातील इंग्रजी वाक्प्रचार व शब्दसंग्रह शिकविणारी जी पुस्तके मराठी विद्यार्थ्याच्या हाती पडतात, त्यांची घडण जवळजवळ ठरून गेलेली आहे. पानाच्या डाव्या अंगास इंग्रजी वाक्प्रचार, उजव्या अंगास त्याचा मराठी जोडीदार आणि दोहोंच्या मध्ये बरोबरीचे चिन्ह. मुखपृष्ठे बदलतात, जोड्यांची संख्या वाढते, आता त्याच याद्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही वाचावयास मिळतात. परंतु बरोबरीचे चिन्ह आपल्या जागी कायम आहे. प्रस्तुत परीक्षण मुख्यतः त्या चिन्हाचे आहे.

पनवेलचे उदाहरण यासाठी घेण्यास कारण आहे. १८५२ साली नगरपालिका लाभलेले हे जुने बंदर व बाजारपेठेचे गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९८९ मध्ये न्हावाशेवा येथील बंदर सुरू झाले, २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पन्नास-पंचावन्न वर्षांत एका तालुक्याच्या दाराशी बंदर, महामार्ग, गोदामे व विमानतळ येऊन उभे राहिले, आणि या प्रत्येक ठिकाणच्या मुलाखतीची भाषा बहुधा इंग्रजी असते. ज्यांच्या जमिनीवर हे सर्व उभे राहिले, त्यांच्या मुलांना त्या मुलाखतीत 'इंग्रजी कच्चे' असा शेरा मिळतो. हा शेरा विद्यार्थ्यावर मारावयाचा की त्याच्या हाती दिलेल्या साधनावर, हे तपासून पाहणे भाग आहे. स्वातंत्र्यानंतर काही काळ मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपासून होत असे. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत ती पहिलीपासून आहे. तेव्हा वर्षे कमी पडतात, असे तरी आता म्हणता येत नाही.

आरंभ पावसापासून करावा, कारण कोकणात त्याच्याइतका नित्याचा विषय दुसरा नाही. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे 'मुसळधार पाऊस पडत आहे', ही जोडी बहुतेक प्रत्येक यादीत सापडते. विद्यार्थी ती पाठ करतो आणि निबंधात हमखास वापरतो. या प्रयोगाचा इतिहास मात्र त्यास कोणी सांगत नाही. जोनाथन स्विफ्टने १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संभाषणांच्या एका पुस्तकात हा प्रयोग आढळतो; आणि ते पुस्तक म्हणजे उच्चभ्रू मंडळींच्या शिळ्या, साचेबंद बोलण्याची केलेली थट्टा होय. जे बोलणे जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच थट्टेचा विषय झाले होते, ते आज पनवेलच्या विद्यार्थ्यास अलंकार म्हणून दिले जाते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोक जोराच्या पावसास सामान्यतः 'इट्स पोअरिंग' एवढेच म्हणतात.

परंतु खरी हानी याहून खोल आहे. मराठीत पाऊस 'पडतो', 'लागतो', 'येतो', 'धरतो' आणि 'उघडतो'. येथे पाऊस हा कर्ता आहे. इंग्रजीत पावसाचे क्रियापदच होते आणि कर्त्याच्या जागी 'इट' हे निव्वळ रिकामे सर्वनाम येऊन बसते. हा भेद न शिकविल्यामुळे विद्यार्थी 'रेन इज फॉलिंग' म्हणतो. हे वाक्य व्याकरणाने चूक नाही. पण बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी ते येत नाही. 'पाऊस उघडला' हे इंग्रजीत सांगावयाचे झाल्यास तो अडूनच पडतो, कारण 'इट हॅज स्टॉप्ड रेनिंग' हा प्रयोग कोणत्याही यादीत नसतो. त्यात नटवेपणा नाही, म्हणून यादी करणारास तो 'वाक्प्रचार' वाटत नाही. कुत्र्यामांजरांचा पाऊस पाठ आहे आणि साधा पाऊस सांगता येत नाही, अशी ही अवस्था आहे.

म्हणींच्या जोड्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. 'नाचता येईना अंगण वाकडे' याच्यासमोर 'अ बॅड वर्कमन क्वॉरल्स विथ हिज टूल्स' हे ठरलेले आहे. आशय जुळतो, यात वाद नाही. जुळत नाही तो वापर. मराठी घरात प्रश्नपत्रिकेस दोष देणाऱ्या मुलाला आई ही म्हण सहज ऐकविते. आजच्या इंग्रजी संभाषणात मात्र पूर्ण म्हण उच्चारणारा माणूस उपदेश करीत आहे, असे ऐकणारास वाटण्याचा संभव असतो. म्हणून पुष्कळदा ती अर्ध्यावर सोडली जाते. कोणती म्हण कोणासमोर, किती व कोणत्या सुरात उच्चारावी, हे बरोबरीच्या चिन्हात मावत नाही.

मग या याद्या टिकून का आहेत? त्याचे एक उत्तर परीक्षेत आहे. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न यादीवाचून चालत नाही आणि त्याचे गुण मोजणे सोपे असते. विद्यार्थीही काही कमी नाहीत. 'शिक्षकांनी वर्गात अमुक वाक्प्रचाराचा अर्थ विचारला' हे एकच वाक्य जगातील सर्व वाक्प्रचारांस लागू पडते, याचा शोध त्यांनी केव्हाच लावला आहे!

दुसरे उत्तर परंपरेत शोधले जाते व तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेकडे बोट दाखविले जाते. हे न्याय्य नाही. पिढ्यान् पिढ्या मराठी माणसांनी, कित्येकांनी तर शिक्षकावाचून, ज्या पाठमालेवर इंग्रजी शिकून घेतली, तिचे एकक वाक्य होते. नियम, शब्द आणि मग दोन्ही दिशांनी भाषांतरासाठी वाक्ये, असा तिचा क्रम. त्यातील वाक्ये आज कृत्रिम वाटतात, बोलण्याचा सराव तीत जवळजवळ नाही, हे खरे. तथापि क्रियापदाचे रूप वाक्यात बसवून घेण्याची शिस्त तिने लावली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती पाहिली, तरी तीत शब्दाखाली त्याचे प्रयोग येतात व त्यांचा अर्थ पुष्कळदा प्रसंगासह उलगडून दिलेला असतो. आजच्या याद्यांनी या दोहोंतून भाषांतर तेवढे उचलले. वाक्य आणि प्रसंग मागे टाकले. पूर्वजांचा दोष सांगताना त्यांचा गुण हरवला, असे येथे झाले आहे.

शब्द ज्यांच्या संगतीत वावरतो त्यांच्यासह तो शिकावा, हा विचार अध्यापनात आणणाऱ्या इंग्रज अभ्यासकांपैकी काही प्रमुख आशियात शिकविणारे होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हॅरल्ड पामर यांनी टोकियो येथील आपल्या संस्थेतून १९३३ मध्ये इंग्रजी शब्दसंगतींचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी हॉर्नबी यांचा कोश १९४२ मध्ये तेथेच निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डच्या मुद्रेने तो जगभर गेला. त्यात क्रियापदांच्या पंचवीस रचना दाखविल्या आहेत. मायकेल वेस्ट यांनी बंगालमध्ये काम केले व पुढे १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची सामान्य उपयोगाची यादी दिली. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हे सूत्र मांडणारे फर्थ हे १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला प्राध्यापक होते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही असे विद्यार्थी कोठे अडखळतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

मराठी विद्यार्थी कोठे अडखळतो? मराठीत परीक्षा 'देतात', इंग्रजीत ती 'टेक' करतात. विद्यार्थी 'गिव्ह' म्हणतो. मराठीत चूक 'करतात', इंग्रजीत ती 'मेक' करतात. विद्यार्थी 'डू' म्हणतो. स्वप्न मराठीत 'पडते' किंवा 'पाहिले' जाते, इंग्रजीत त्यास 'हॅव्ह' लागते. 'त्याला इंग्रजी येते' याचे 'इंग्लिश कम्स टू हिम' होते, कारण ज्याला येते तो मराठीत चतुर्थीत उभा असतो. हे दोष अज्ञानाचे नाहीत. प्रत्येकामागे मराठीचा एक नियम उभा आहे, आणि जेथे नियम आहे तेथे शिकविता येते. 'देणे', 'घेणे', 'करणे', 'लागणे', 'येणे' एवढ्या पाच धातूंचे प्रयोग इंग्रजीत कोठकोठे वाटले जातात, याचा एक तक्ता दोनशे म्हणींपेक्षा अधिक उपयोगाचा ठरेल.

'पुट ऑफ', 'टर्न अप', 'रन आउट' यांसारख्या जोडक्रियापदांच्या बाबतीत तर मराठीचे साहाय्य अद्याप कोणी नीट घेतलेलेच दिसत नाही. 'ईट' आणि 'ईट अप' यांत जो फरक आहे, तो 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतील फरकाच्या बराच जवळ जातो. 'यूज अप' म्हणजे 'वापरून टाकणे'. क्रिया शेवटास नेण्याचे काम इंग्रजी एका लहानशा अव्ययाकडून करून घेते, तर मराठी दुसऱ्या धातूकडून. अर्थात ही वाट सरळ शेवटपर्यंत जात नाही. 'ग्रो अप' म्हणजे 'वाढून टाकणे' नव्हे, कारण मराठी 'टाकणे' यात हातावेगळे करण्याची छटा आहे. 'तो सांगून बसला' यातील 'बसणे' तर इंग्रजी अव्ययात उतरतच नाही. तेथे 'ही वेंट अँड टोल्ड देम' असे म्हणावे लागते आणि बोलणाराची नापसंती 'वेंट' या क्रियापदावर पडते, मग सांगणारा माणूस जागचा हललेला नसला तरी. अशा ठिकाणी दोन्ही भाषा एकमेकींवर प्रकाश टाकतात. संयुक्त क्रियापदे विद्यार्थ्याच्या जिभेवर जन्मापासून असतात; त्यांच्यापासून निघावयाचे सोडून याद्या त्यास 'पुट अप विथ = सहन करणे' एवढेच देऊन मोकळ्या होतात.

वाक्प्रचार म्हणजे काय हे पनवेलच्या विद्यार्थ्यास परभाषेतून समजावून देण्याची वस्तुतः गरज नाही. नव्या मुंबईसाठी संपादन झालेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलन झाले, गोळीबारात माणसे गेली. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तेव्हापासून या भागात 'साडेबारा टक्के' हा अंक राहिला नाही. 'त्यांचे साडेबारा टक्के आले', 'साडेबारा टक्क्यांत घर बांधले' असे लोक बोलतात. गावनमुना सात व गावनमुना बारा यांवरून झालेला 'सातबारा' असाच. तो 'कोरा' होतो तेव्हा कर्ज फिटलेले असते. हे शब्द इंग्रजीत अक्षरशः उतरविले, तर लंडनच्या वाचकास त्यांतून काहीच कळणार नाही. अवयवांच्या बेरजेतून अर्थ निघत नाही, त्यामागचा व्यवहार ठाऊक असावा लागतो, हा पाठ आगरी शेतकऱ्याच्या मुलाला सातबाऱ्यावरून एका तासात समजेल. त्यानंतर 'रेड टेप' सांगितले, तर सरकारी कागदपत्रांच्या तांबड्या फितीपर्यंत तो आपला आपण पोहोचेल.

इंग्रजीतून मराठीत आलेले शब्द हा या विषयाचा अवघड भाग होय. विद्यार्थ्याच्या तोंडी शेकडो इंग्रजी शब्द असतात, म्हणून शब्दसंग्रहाची अर्धी वाट चालून झाली असे समजले जाते. प्रत्यक्षात त्यांपैकी पुष्कळ शब्द आता मराठी झालेले आहेत. 'कटिंग' म्हणजे अर्धा पेला चहा, अथवा केस कापणे; इंग्रजीत दोन्ही नाहीत. 'मॅटर झाला' म्हणजे भांडण झाले. जमिनीच्या व्यवहारात 'पार्टी' म्हणजे गिऱ्हाईक. येथे निदान कायद्याच्या भाषेतील पक्षकाराची सावली दिसते. 'फील्डिंग लावणे' हा तर क्रिकेटच्या मैदानावरून उचलून मराठीने स्वतः घडविलेला सुरेख वाक्प्रचार आहे आणि इंग्रजास तो समजावून सांगावा लागेल. 'टेन्शन घेऊ नको' याचे 'डोन्ट टेक टेन्शन' होते तेव्हा विद्यार्थी आपण इंग्रजीतून इंग्रजीतच जात आहोत अशा समजुतीत असतो. वस्तुतः तो मराठीतून भाषांतर करीत असतो. या शब्दांची हेटाळणी करणे व्यर्थ आहे. ते मराठीत योग्यच आहेत. त्यांचा मूळ इंग्रजी अर्थ आणि त्यांचा आजचा मराठी अर्थ शेजारी शेजारी ठेवणारे पुस्तक हवे, आणि त्यात बरोबरीच्या चिन्हाऐवजी भेदाचे चिन्ह पडावे.

शेवटी उजव्या अंगाच्या मराठीचा प्रश्न उरतो. यादीकार ती सर्वांची मराठी असल्याचे गृहीत धरतो. पनवेल-उरणच्या खेड्यांतील आगरी बोलीत 'पाणी'चे 'पानी' आणि 'काळा'चे 'काला' होते, आणि भेद उच्चारापुरता थांबत नाही. क्रियापदांची रूपे व बोलण्याच्या लकबीही निराळ्या आहेत. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात या बोलीची नोंद आहे. या घरातील मूल 'काखेत कळसा नि गावाला वळसा' याच्या समोरचा इंग्रजी प्रयोग शिकू लागते, तेव्हा पुष्कळदा उजवी बाजूही त्यास शाळेतच शिकावी लागलेली असते. त्याचे भाषांतर दोनदा होते, एकदा बोलीतून ग्रांथिक मराठीत आणि मग तेथून इंग्रजीत. शेरा मात्र एकाच ठिकाणी पडतो. आगरी बोलीत पाऊस, उधारी, आजार, पाहुणे आणि मासळीचा बाजार यांविषयी लोक रोज काय बोलतात, ते प्रथम जसेच्या तसे उतरून घेतले पाहिजे; नंतर त्या प्रत्येक प्रसंगी इंग्रजीत काय बोलतात, ते त्याच्या शेजारी मांडता येईल. पदव्युत्तर वर्गातील जे विद्यार्थी याच गावांतून येतात, त्यांना या कामासाठी घराबाहेर जावे लागणार नाही.